कुणावाचून कुणाचे अडत नाही

आपल्या भाषेत काही वाक्ये अशी आहेत, की ती कोण म्हणतो आणि कोणत्या वेळी म्हणतो यावर त्यांचा अर्थ ठरतो. 'कुणावाचून कुणाचे अडत नाही' हे त्यांतलेच एक. दुःखाच्या घरी ते सांत्वन म्हणून म्हटले जाते. रुसून माहेरी जाऊन बसलेल्या सुनेच्या बाबतीत ते धमकी म्हणून म्हटले जाते. कचेरीतल्या निरोपसमारंभात ते कुणी मोठ्याने म्हणत नाही, पण बटाटेवडा खाता खाता प्रत्येकाच्या मनात ते असते. सत्कारमूर्तीच्या गळ्यात हार असतो, 'यांची उणीव आम्हांला सदैव भासेल' असे साहेब सांगत असतात, आणि उद्या त्या खुर्चीवर कोण बसणार हे कालच ठरून गेलेले असते.

मला स्वतःला या वाक्याचा फार दिवस राग होता. ऐकले की वाटे, हे बोलणाऱ्याला माणसांची किंमत नाही. परंतु आता पंचाहत्तरी ओलांडल्यावर माझ्या ध्यानात येऊ लागले आहे, की आपल्या काळातला एक अवाढव्य धंदा याच वाक्याच्या पायावर उभा आहे. हजारो हुशार माणसांनी वर्षानुवर्षे डोके चालवून हे वाक्य खरे करून दाखवले आहे. तो धंदा म्हणजे सॉफ्टवेअरचा.

तुम्ही म्हणाल, बँकेत कारकुनी करून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्याचा आणि सॉफ्टवेअरचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो बराच जुना आहे. मी १९७० साली बँकेला चिकटलो. आदल्याच वर्षी, १९६९ च्या जुलैत, चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. खेडोपाडी शाखा निघत होत्या, आणि त्या सगळ्या शाखांचे आपापसांतले देणेघेणे मुंबईला मुख्य कचेरीत येऊन आदळत होते. सांगलीच्या शाखेने जळगावच्या शाखेवर ड्राफ्ट काढला की सांगलीची एक नोंद आमच्याकडे यायची. जळगावने तो वटवला की तिकडून दुसरी नोंद यायची. या दोघींची गाठ घालून द्यायची, हा आमच्या खात्याचा उद्योग. लग्न जमवणारे लोक पत्रिका जुळवतात तसा आम्ही दिवसभर नोंदींचा मेळ घालत बसलेले असू. काही नोंदी लगेच जुळत. काही मात्र वर्षानुवर्षे बिनलग्नाच्या राहत, आणि हिशेबतपासनीस आले की त्यांचा विषय निघून आमची तोंडे उतरत.

आमच्या खात्यात एक वडीलधारे गृहस्थ होते. सगळे त्यांना दादा म्हणत. नुसत्या अक्षरावरून ते शाखा ओळखत. अमुक शाखेतला अकौंटंट एकाचा आकडा सातासारखा काढतो, तमुक शाखेतला मनुष्य महिनाअखेरीला घाईत शून्य गाळतो, हे सारे त्यांच्या डोक्यात. गणपतीला आठ दिवस कोकणात गेले की त्यांच्या टेबलावर कागदांचा ढीग साचे आणि मोठे साहेब स्वतः येऊन विचारत, 'दादा कधी येणार?' एकदा एका नव्या पोराने त्यांना म्हटले, 'दादा, या तुमच्या खुणा एका वहीत लिहून ठेवल्या तर?' दादांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाले, 'अरे, हे लिहायचं नसतं. हे हातात यावं लागतं.' पगार बेताचा, बिऱ्हाड दोन खोल्यांचे, बढती केव्हाच थांबलेली. आपल्यावाचून अडते, एवढीच काय ती दादांची इस्टेट होती. ती ते वहीत लिहून दुसऱ्याच्या नावावर कशी करून देणार?

आता योगायोग पाहा. आम्ही नोंदींची लग्ने लावत होतो त्याच दिवसांत, याच मुंबईत, टाटा सन्सचा एक लहानसा विभाग हेच काम यंत्राकडून करून घेण्याच्या खटपटीत होता. १९६८ साली तो निघाला. त्याचे नाव टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस. आज सारे जग त्याला टीसीएस म्हणते. भोके पाडलेल्या कार्डांवर टाटांच्याच पोलाद कारखान्याचे हिशेब करून देणे हे त्यांच्या पहिल्यावहिल्या कामांपैकी एक, आणि सेंट्रल बँकेच्या शाखाशाखांतल्या नोंदींचा मेळ घालून देणे हे दुसरे. माझी बँक निराळी. पण काम तेच, अगदी दादांचे! दादांनी जे लिहून द्यायचे नाकारले, ते तिकडे कुणीतरी पायरी पायरीने यंत्राला समजेल असे लिहून काढत होते. सॉफ्टवेअर म्हणजे तरी दुसरे काय? माणसाच्या हातातले काढून वहीत लिहिणे. मात्र ती वही अशी, की तिचे पान उघडले की ती स्वतःच काम करू लागते.

या विभागाची सूत्रे १९६९ साली फकीरचंद कोहली यांच्याकडे आली. १९२४ साली पेशावरला जन्मलेला आणि कॅनडा-अमेरिकेत शिकून आलेला हा विजेचा इंजिनिअर १९५१ पासून टाटांच्या वीज कंपनीत होता. विजेच्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. दिवा लागला तर कुणी वीज कंपनीचे नाव काढत नाही. दिवा गेला की मात्र सगळे गाव काढते. काम असे बसवले पाहिजे, की पाळीवर कोण आहे याने दिव्याला फरक पडता कामा नये. ही शिस्त ते आपल्याबरोबर नव्या धंद्यात घेऊन आले असावेत, असा माझा आपला तर्क आहे.

धंदा मोठा विचित्र होता. देशात संगणक हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. परदेशातून आणावा तर परकीय चलनाची टंचाई आणि वर जबर आयातकर. यंत्र हवे असेल तर त्या बदल्यात परदेशांत काम विकून चलन मिळवून देण्याची हमी सरकारला द्यावी लागे. अशा वेळी १९७४ साली अमेरिकेतल्या बरोज कंपनीचे काम या मंडळींना मिळाले. त्या कंपनीच्या एका जातीच्या यंत्रासाठी लिहिलेली प्रणाली दुसऱ्या जातीच्या यंत्राला समजेल अशी करून द्यायची होती. म्हणजे एका परीने भाषांतराचेच काम. पुढे १९७८ साली आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला आणि निरनिराळ्या यंत्रांवर हात बसलेल्या या तरुणांना मागणी वाढली. १९७२ साली शिकाऊ म्हणून लागलेल्या एस. रामदोराई यांना १९७९ साली कंपनीने न्यूयॉर्कला कचेरी थाटायला धाडले. पुण्यात १९८१ साली संशोधनकेंद्र निघाले. बँकांत मात्र यंत्रे यायला वेळ लागला. आमच्या संघटनांचा विरोध होता. यंत्रांविषयीचा पहिला मोठा करार व्हायला १९८३ साल उजाडले. त्या विरोधाच्या मोर्चांत मीही चाललो आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही. पोट हातात घेऊन चालणाऱ्या माणसाला इतिहासाची दिशा विचारू नये.

या धंद्याचे खरे वेगळेपण त्याच्या मालात आहे. गिरणीत कापूस लागतो, माग लागतात. कामगार संध्याकाळी घरी गेले तरी माग जागेवर असतात. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाची काय अवस्था झाली ते आपण पाहिले. माणसे देशोधडीला लागली. माग मात्र कितीतरी दिवस तिथेच गंजत उभे होते. सॉफ्टवेअरच्या कंपनीत कापूस नाही आणि मागही नाही. जे काही आहे ते माणसांच्या डोक्यात. इथे मागच साडेसहाची लोकल पकडून डोंबिवलीला जातो, आणि उद्या सकाळी तो परत येईल की शेजारच्या कंपनीत जाईल याची मालकाला खात्री नसते. दुकानातला माल रोज संध्याकाळी पायऱ्या उतरून निघून जातो आहे अशी कल्पना करा, म्हणजे या धंद्याच्या चालकांना झोप का लागत नाही ते समजेल.

मग तुम्ही म्हणाल, जास्त माणसे ठेवा म्हणजे झाले. तर तेही नाही. फ्रेडरिक ब्रुक्स नावाच्या गृहस्थांनी आयबीएमचे एक प्रचंड सॉफ्टवेअर उभे करण्याचे काम १९६० नंतरच्या दशकात सांभाळले होते. त्या अनुभवावर त्यांनी १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मन्थ' हे पुस्तक लिहिले. त्यांचा निष्कर्ष असा, की रखडलेल्या कामावर आणखी माणसे घातली तर ते आणखी रखडते. ऐकायला उफराटे वाटते. पण ज्याने घरचे कार्य काढले आहे त्याला पटेल. स्वयंपाक मागे पडला म्हणून अकरा वाजता शेजारच्या चार बायका मदतीला येतात. मग डाळ कुठे, मीठ घातले की नाही, हा पोळपाट कुणाचा, हे सांगण्यातच मूळच्या आचाऱ्याचा तास जातो, आणि आमटीत मीठ दोनदा पडते.

याला साधे गणित आहे. पाच माणसे एकत्र काम करत असतील तर त्यांच्यात आपापसांत बोलण्याच्या दहा जोड्या होतात. दहा माणसे झाली की जोड्या ४५. पन्नास झाली की १२२५. माणसे दसपट झाली तर बोलणे दसपट होत नाही. ते शंभरपटीच्याही वर जाते, आणि काम राहते बाजूला. याच विषयावर १९६८ साली, म्हणजे टीसीएस निघाली त्याच वर्षी, मेल्व्हिन कॉन्वे या दुसऱ्या अमेरिकन माणसाने आणखी एक मार्मिक गोष्ट लिहिली. तिचा मथितार्थ असा, की एखादी मंडळी मिळून जी वस्तू बनवतात, तिच्यात त्या मंडळींच्या आपापसांतल्या बोलण्याचा नकाशा उतरतो. आपल्याकडे हे कुणाला नवे नाही. ज्या घरात दोन भावांचे बोलणे बंद असते, त्या घराला कालांतराने दोन जिने निघतात.

तेव्हा प्रश्न असा होता, की लाखो माणसांना एकमेकांशी न बोलता एकत्र काम करता येईल असे काय करावे? उत्तर निघाले ते दादांच्या वहीचेच. लिहून ठेवा. काम कसे करायचे ते लिहा, केले ते लिहा, चुकले ते लिहा, कुणी तपासले ते लिहा. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संस्थेने सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कचेऱ्यांसाठी पाच पायऱ्यांची एक शिडी बनवली. अगदी खालची पायरी कोणती? तर जिथे काम एखाद्या बहाद्दराच्या कर्तबगारीवर चालते ती. तो असला तर काम होते, तो नसला तर होत नाही. हे मला कुणी प्रथम सांगितले तेव्हा मी चमकलोच. म्हणजे आमचे दादा, ज्यांच्यासाठी मोठे साहेब टेबलापाशी येत, ते या शिडीवर सर्वांत खाली! आणि वरची पायरी ती, जिथे पद्धत इतकी पक्की झालेली आहे की कोण आला आणि कोण गेला याने कामाला धक्का लागत नाही, आणि पद्धतही मोजूनमापून सारखी सुधारत राहते. भारतातल्या कंपन्यांनी ही शिडी अशा जिद्दीने चढली, की वरच्या पायरीवर आपल्याच लोकांची गर्दी दिसू लागली. टीसीएसही त्यांत होती.

मग काय विचारता! २००० साल उजाडताना जगभरच्या संगणकांना तारखेचा जो घोळ निस्तरावा लागणार होता, त्याने आपल्या कंपन्यांना हातभर काम दिले आणि गोऱ्या ग्राहकांशी ओळख करून दिली. २००४ साली टीसीएसचे समभाग बाजारात आले. मार्च २००८ मध्ये तिच्याकडे एक लाख अकरा हजारांवर माणसे होती. मार्च २०१४ मध्ये तीन लाख, आणि मार्च २०२२ मध्ये पाच लाख नव्वद हजारांच्या वर. एवढी माणसे एका छपराखाली नांदणे शक्यच नव्हते. एकत्र कुटुंबात चुली वेगळ्या कराव्यात आणि देवघर एक ठेवावे, तसे मग करावे लागले. रामदोराई यांनी २००८ साली कंपनीची फेरमांडणी करून निरनिराळ्या उद्योगांच्या आणि बाजारपेठांच्या ग्राहकांसाठी स्वतंत्र घटक पाडले. त्यांच्यामागून २००९ साली आलेल्या नटराजन चंद्रशेखरन यांच्या काळात असे तेवीस घटक झाले. प्रत्येकाचा प्रमुख निराळा, हिशेब निराळा. बँकांची कामे करणारे एका चुलीवर, दुकानदारीची करणारे दुसऱ्या. हे चंद्रशेखरनही १९८७ मध्ये याच घरात लागलेले. वरच्या खुर्च्या बदलल्या, पण कंपनी अडली नाही.

या सगळ्यात माणसाचे मोल कमी झाले, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पुरते खरे वाटत नाही. काम बहाद्दरावाचून अडत नाही, याची दुसरी बाजू अशी, की बहाद्दर नसलेल्यालाही दार उघडे होते. माझ्या धाकट्या भावाची मुलगी मिरजेची. भाऊ शाळामास्तर. घरात इंग्रजी बोलणारे कुणी नाही, मुंबई-पुण्यात कुणाची ओळख नाही. इंजिनिअरिंग कॉलेजातून एका मोठ्या कंपनीने तिला उचलली. ही कंपनी टाटांची नव्हे, दुसरीच. नावाची जरुरी नाही. काही महिने शिकवले आणि पुण्याला हिंजवडीत बसवले. एके काळी जिथे शेते होती तिथे आता काचेच्या इमारती आहेत, आणि सकाळी नऊ वाजता तिथल्या रस्त्यावर पंढरीच्या वारीसारखी गर्दी असते. फरक इतकाच, की वारी पुढे सरकते! त्या गर्दीत मिरजेच्या, परभणीच्या, चंद्रपूरच्या मुली असतात. त्यांच्या आज्यांनी बँकेचे दारही पाहिले नव्हते. जो धंदा केवळ असामान्यांवर चालला असता, त्यात या मुलींना कोण विचारणार होते? पद्धत पक्की होती म्हणून शिकवता आली, आणि शिकवता आली म्हणून लाखांना शिकता आली. पुतणीच्या पगारावर भावाच्या घराचे कर्ज फिटले. हे मी कसे विसरू?

पण याच पुतणीने मला दुसरीही बाजू दाखवली. तेरा वर्षे ती एका परदेशी विमाकंपनीची प्रणाली सांभाळत होती. ती प्रणाली तिला आपल्या स्वयंपाकघरासारखी ठाऊक. अंधारातही डबा हाताला लागावा. एके दिवशी तिला सांगण्यात आले, की हे काम आता दुसरी चार मुले करतील, त्यांना तू 'केटी' दे. केटी म्हणजे आपले ज्ञान दुसऱ्याच्या हवाली करणे. आमच्या बँकेत याला 'चार्ज देणे' म्हणत; फक्त आम्ही किल्ल्या आणि शिक्के देत असू, इथे डोके द्यायचे असते. पुतणीने सहा आठवडे बसून सारे काही लिहून दिले, बोलून दिले, पडद्यावर दाखवून त्याचे चित्रण करून दिले. आणि मग तिला 'बेंच'वर बसवण्यात आले.

हा बेंच शाळेतल्या बाकासारखा खराखुरा नसतो. एक काम संपले आणि दुसरे मिळाले नाही, की मधल्या दिवसांना बेंच म्हणतात. पगार चालू असतो, पण माणसाचा जीव चालू नसतो. दोन महिने ती रोज कचेरीत जाऊन कुठे जागा आहे का ते विचारत राहिली. मग एक दिवस वरच्यांनी गोड शब्दांत बोलावून राजीनामा लिहून घेतला. त्या दिवाळीला ती घरी आली तेव्हा मी तिला म्हटले, 'अगं, तेरा वर्षांत तू जे शिकलीस ते काय कुणी काढून घेणार आहे?'

'घेतलं ना काका,' ती म्हणाली. 'मीच लिहून दिलं. आणि इतकं व्यवस्थित लिहून दिलं, की त्या चौघांपैकी एकाचाही मला आजवर फोन आला नाही.'

हे सांगताना तिच्या आवाजात अभिमान होता की रडू होते, ते मला कळेना. बहुधा दोन्ही असावे.

तिची गोष्ट एकटीची नाही. २०२५ च्या जूनमध्ये टीसीएसने नियम केला, की माणसाने वर्षाचे २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर असले पाहिजे आणि बेंचवर ३५ दिवसांहून अधिक राहता कामा नये. पुढच्याच महिन्यात कंपनीने जाहीर केले, की सुमारे बारा हजार लोक, म्हणजे एकंदरीतले दोन टक्के, कमी करण्यात येतील, आणि त्यांत मधल्या व वरच्या जागांवरचे लोक अधिक असतील. अंगी असलेले कौशल्य आणि हाती असलेले काम यांचा मेळ बसत नाही, असे कारण प्रमुखांनी दिले. मेळ हा शब्द वाचून मला आमचे खाते आठवले. तिथेही अशा नोंदी असत, ज्यांना जोडीदार सापडत नसे. पण आम्ही त्या खोडून टाकत नव्हतो. त्यांची वेगळी वही होती, आणि दर महिन्याला कुणीतरी ती उघडून त्यांच्यासाठी पुन्हा एकदा शोध घेत असे. कागदावरच्या नोंदीला जेवढा धीर आपण देत होतो, तेवढा माणसाला द्यायला काय हरकत आहे? दोन टक्के हा आकडा कंपनीच्या पत्रकात लहान दिसतो. ज्या घरात त्यातला एक असतो, तिथे तो शंभर टक्के असतो.

आणि आता तर यंत्रे स्वतःच सॉफ्टवेअर लिहू लागली आहेत. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामाची वही लिहिली, त्यांच्याच कामाची वही लिहिली जाते आहे. आमचे दादा असते तर त्यांनी चष्म्यावरून पाहिले असते आणि काहीच बोलले नसते.

दादा निवृत्त झाले ते बँकेत यंत्र येण्याच्या आधीच. त्यानंतर दोन महिने आमची तारांबळ झाली, पुढे सवय झाली, आणि काम चालू लागले. वर्षभराने एकदा ते शिवाजी पार्कवर भेटले. प्रकृतीची विचारपूस होण्याआधीच त्यांनी विचारले, 'काय रे, माझ्यावाचून काही अडलं का?' खरे उत्तर 'नाही' असे होते. पण मी म्हणालो, 'दादा, एखादी नोंद जुळेना, की खात्यात कुणीतरी म्हणतंच, दादा असते तर आत्ता सांगितलं असतं.' हेही खरेच होते. दादांचा चेहरा असा उजळला, की जणू त्यांना थकबाकीसकट बढती मिळाली.

तेव्हा माझ्या लक्षात आले, की अडणे आणि आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्थेचे कुणावाचून अडू नये, हे योग्यच आहे. बँकेचे दादांवाचून अडले असते तर सांगलीच्या शेतकऱ्याचा ड्राफ्ट जळगावला अडकला असता. स्वतः कोहलींनी १९९६ मध्ये सूत्रे रामदोराईंकडे दिली आणि कंपनी त्यांच्यावाचून कितीतरी पटींनी वाढली. मला तर वाटते, त्यांची सगळ्यांत मोठी कामगिरी हीच, की त्यांच्यावाचून अडणार नाही असे काहीतरी त्यांनी उभे केले. म्हातारपणी ते निरक्षर प्रौढांना संगणकाच्या साहाय्याने सुमारे ४० तासांत वाचायला शिकवण्याच्या खटपटीत रमले, आणि २०२० साली, वयाच्या ९६ व्या वर्षी गेले. अडले कुणाचेच नाही. पण आठवण निघाली ती साऱ्या धंद्याला. कोहलींना ते भाग्य लाभले. प्रश्न आहे तो बाकीच्या लाखोंचा. जी संस्था माणूस गेल्यावर अडत नाही ती कार्यक्षम. पण जिथे माणूस गेल्याचे कुणाला जाणवतसुद्धा नाही, ती संस्था शिडीच्या कितव्या पायरीवर आहे, हे मोजण्याची सोय अजून कुणी केलेली दिसत नाही.

पुतणीला आता पुण्यातल्याच एका लहान कंपनीत काम मिळाले आहे. पगार थोडा कमी. हाताखाली दोन नवी पोरे. गेल्या महिन्यात ती दोन दिवस रजा काढून आमच्याकडे आली होती. दुपारी जेवताना तिचा फोन वाजला. तिकडे काहीतरी बंद पडले होते आणि पोरे घाबरली होती. तिने त्यांना चांगले फैलावर घेतले. 'अरे, सगळं लिहून ठेवलंय ना? बघा की तिसऱ्या पानावर!' मग ताट बाजूला सारून ती वीस मिनिटे त्यांना एकेक पायरी सांगत बसली. आमटी निवली, माझ्या बायकोने ती पुन्हा गरम केली. फोन ठेवून ती परत पानावर बसली आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, 'बघा ना काका, दोन दिवस रजा घ्यायची सोय नाही. माझ्यावाचून यांचं पान हलत नाही.'

आठ्या होत्या खऱ्या. पण त्या दिवशी तिने भात दोनदा मागून घेतला.